कुत्र्याचा टिक फीवर नेमका ओळखायचा कसा: आधी रक्त, मग गोळी

"कुत्रं दोन दिवस जेवत नाहीये, प्लेटलेट ४० हजार आलेत, मेडिकलवाल्याकडून डॉक्सी आणून सुरू केली, आता कुठली टेस्ट करू?" ठाण्यात नाहीतर नवी मुंबईत कुत्रा पाळणाऱ्या किंवा बिल्डिंगखालच्या कुत्र्यांना खायला घालणाऱ्या कुणालाही हा मेसेज ओळखीचा वाटेल. यातला क्रमच उलटा आहे. डॉक्सी म्हणजे डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक, ती गोळी पोटात गेली की रक्तातले जंतू कमी व्हायला लागतात, मग स्लाइडवर काही दिसत नाही, पीसीआर म्हणजे जंतूचा डीएनए शोधणारी टेस्ट निगेटिव्ह येते आणि आठ दिवसांनी कुत्रं परत पडलं की नक्की काय झालं होतं हे कुणालाच सांगता येत नाही.

टिक फीवर हा एकच आजार नाही हे आधी लक्षात घ्या. गोचिडामुळे होणाऱ्या चार-पाच वेगवेगळ्या आजारांना आपण सरसकट टिक फीवर म्हणतो. एर्लिकिया आणि अॅनाप्लाझ्मा हे बॅक्टेरिया, ते डॉक्सीसायक्लिनला ऐकतात. बबेसिया हा लाल पेशीत घुसणारा परजीवी, तो नुसत्या डॉक्सीने जात नाही, आणि त्यातही मोठा बबेसिया आणि छोटा बबेसिया यांची औषधं वेगळी. हिपॅटोझून तर गोचीड चावून नाही, कुत्र्याने गोचीड गिळला तर होतो. म्हणून नाव कळणं गरजेचं आहे, नुसतं "टिक फीवर आहे" एवढ्यावर थांबू नका.

टप्पा १: दवाखान्यात जाण्याआधी घरी काय बघायचं

हे सगळं अर्ध्या-पाऊण तासात होतं.

ताप मोजा. नाक गरम लागतंय, कान गरम लागतायत, याला काही अर्थ नाही. साधा डिजिटल थर्मामीटर, टोकाला व्हॅसलिन, गुदद्वारातून. कुत्र्याचं नॉर्मल तापमान साधारण १०० ते १०२.५ फॅरनहाइट असतं, म्हणजे आपल्या हिशोबाने जो ताप वाटतो तो त्याचा नॉर्मल असू शकतो. १०३ च्या वर गेलं तर ताप समजा. धावून आल्यावर किंवा पकडापकडी झाल्यावर लगेच मोजू नका, आकडा उगाच वर दिसतो, खालच्या कुत्र्यांच्या बाबतीत तर हे फारच होतं.

मग ओठ वर करून हिरड्या बघा. गुलाबी हव्यात. बोटाने दाबून सोडलं की पांढरा झालेला भाग दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवा. पोटाखाली जिथे केस कमी असतात तिथे, आणि कानाच्या आतल्या बाजूला, टाचणीच्या डोक्याएवढे लाल-जांभळे ठिपके आहेत का बघा, ते बोटाने दाबून नाहीसे होत नसतील तर कातडीखाली रक्त आलंय. डोळा निळसर-धुरकट दिसतोय का, नाकातून रक्त आलंय का, लघवीचा रंग कसा आहे, जबड्याखाली आणि गुडघ्यामागे गाठी लागतायत का. या सगळ्याचे फोटो दिवसाउजेडी काढा, ट्यूबलाइटखाली हिरड्यांचा रंग नीट कळत नाही. लघवी पांढऱ्या फरशीवर किंवा कागदावर असेल तर तिचाही फोटो.

आता गोचीड शोधा. कानाच्या घडीत, बोटांच्या बेचक्यात, काखेत, पट्ट्याखाली, शेपटीच्या मुळाशी. सापडला तर चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरून सरळ वर ओढायचा. रॉकेल ओतायचं नाही, काडीने चटका द्यायचा नाही, नखाने चिरडायचा तर अजिबात नाही. छोट्या बाटलीत सॅनिटायझर घालून त्यात टाका आणि सोबत न्या.

आणि गोचीड एकही सापडला नाही म्हणून "आमच्याकडे टिक्स नाहीतच" असं डॉक्टरांना सांगू नका. रक्त पिऊन तो कधीच गळून पडलेला असतो, एर्लिकियाची लक्षणं तर चावल्यानंतर साधारण एक ते तीन आठवड्यांनी दिसतात. आपल्याकडचा तपकिरी गोचीड भिंतीच्या भेगेत, पार्किंगमधल्या दगडांच्या फटीत, गादीच्या शिवणीत राहतो, त्यामुळे दहाव्या मजल्यावरच्या कुत्र्यालाही तो मिळतो, ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात जायलाच हवं असं काही नाही.

शेवटी एका कागदावर लिहा: ताप कधीपासून, गेल्या महिन्याभरात कुठल्या गोळ्या-इंजेक्शनं दिली आणि किती तारखेला, शेवटचं टिकचं औषध कधी, बोर्डिंगला ठेवलं होतं का, दुसऱ्या कुत्र्याशी रक्त निघेपर्यंत भांडण झालं का, पूर्वी कधी रक्त चढवलंय का. भांडणाचं लोक सांगतच नाहीत, पण छोटा बबेसिया चावाचावीतूनही पसरतो. सोसायटीत उंदरांचं औषध टाकलं होतं का आणि कुत्रं पावसाच्या साचलेल्या पाण्यातून गेलं का, हेही लिहा. का ते पुढे येईलच.

*इशारा:* ताप आहे म्हणून माणसांची क्रोसिन, डोलो, ब्रुफेन, अॅस्पिरिन काहीही देऊ नका. पॅरासिटामॉलने लिव्हर आणि लाल पेशी बिघडू शकतात, ब्रुफेनने पोटात अल्सर होऊन रक्त जातं, किडनीही जाऊ शकते, आणि प्लेटलेट आधीच कमी असतील तर ते जिवावर बेततं.

टप्पा २: थांबायचं की लगेच पळायचं

हिरड्या पांढऱ्या पडल्या असतील, उभं राहता येत नसेल, श्वास जोरात चालू असेल, नाकातलं रक्त थांबत नसेल, लघवी कोऱ्या चहासारखी गडद होत असेल, यातलं एकही असेल तर अपॉइंटमेंट वगैरे न बघता निघा. रात्र असेल तर रात्री. पण अशा वेळीसुद्धा औषध टोचायच्या आधी एक ट्यूब रक्त काढून ठेवा असं डॉक्टरांना आठवणीने सांगा, त्याला दोन मिनिटं लागतात आणि पुढचं सगळं त्यावर अवलंबून असतं.

टप्पा ३: रक्त काढणं, इथेच सगळ्यात जास्त चुका होतात

बऱ्याच ठिकाणी असं होतं की कुत्रं टेबलावर घेतलं, ताप बघितला, एक अँटिबायोटिक आणि एक स्टेरॉइड टोचलं, आणि मग "उद्या सकाळी रक्त काढू." नम्रपणे पण ठामपणे सांगा की आधी रक्त. स्टेरॉइडनेही पांढऱ्या पेशींचे आकडे बदलतात, शिवाय लपून बसलेला बबेसिया वाढायला मोकळीक मिळते.

किती काढायचं? जांभळ्या झाकणाच्या दोन ट्यूब आणि लाल किंवा पिवळ्या झाकणाची एक. जांभळीतली पहिली सीबीसीसाठी, म्हणजे रक्तातल्या सगळ्या पेशी मोजायच्या टेस्टसाठी, लगेच जाते, दुसरी नावासकट फ्रिजमध्ये ठेवायची, ती पीसीआर लागला तर. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, फ्रीझरमध्ये नाही. ही दुसरी ट्यूब आधीच काढून ठेवली की दोन-तीन दिवसांनी पीसीआर करायचं ठरलं तरी औषधाच्या आधीचं रक्त हाताशी असतं. लाल-पिवळी लिव्हर, किडनी, प्रोटीनसाठी.

ट्यूब भरताना बघा, त्यावर रेघ असते, तिथपर्यंतच भरायची. कमी भरली तर आतल्या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचं प्रमाण जास्त होऊन पेशी आकसतात, जास्त भरली तर रक्त गोठतं. झाकण लावलं की लगेच आठ-दहा वेळा हळूच उलटी-सुलटी करायची, खळखळ हलवायची नाही. ट्यूबमध्ये एवढीशी जरी गुठळी झाली तरी प्लेटलेट तिच्यात अडकतात आणि मशीन कमी आकडा दाखवतं. तिरकी करून उजेडात बघा, तळाशी किंवा काचेला चिकटलेला काळपट दोरा दिसला तर ती ट्यूब पाठवू नका, परत काढायला सांगा.

प्लेटलेट फार कमी असल्याचा संशय असेल तर मानेच्या मोठ्या शिरेतून रक्त न काढता पुढच्या पायातून काढलेलं बरं, कारण तिथे दाबून धरता येतं. सुई काढल्यावर कापूस घेऊन पाच मिनिटं तरी दाबून ठेवा, घड्याळ बघून.

आता स्लाइड. कानाच्या कडेला, जिथे कातडी पातळ असते तिथे, केस थोडे काढून, पुसून, कोरडं करून सुईने हलकं टोचायचं. जो पहिला बारीकसा थेंब येतो तो काचपट्टीवर घ्यायचा, दुसरी पट्टी तिरकी धरून थेंबाला टेकवायची, रक्त कडेने पसरलं की एका झटक्यात पुढे न्यायची. नीट झाली तर तिचा शेवट जिभेच्या टोकासारखा पातळ होत जातो. कानाच्या बारीक रक्तवाहिन्यांत बबेसिया असलेल्या पेशी जास्त अडकतात म्हणून पायाच्या शिरेपेक्षा इथल्या थेंबात सापडायची शक्यता जास्त. दोन-तीन स्लाइड करा, हवेत पूर्ण वाळू द्या, पेन्सिलीने नाव-तारीख घाला.

*तपासा:* स्लाइड फ्रिजमध्ये किंवा बर्फाच्या पिशवीजवळ ठेवायची नाही, बाहेर काढली की तिच्यावर दव जमतं आणि पेशी फुटतात. ट्यूब थंड, स्लाइड कोरडी, दोन वेगळ्या डब्यांत. खारघर-पनवेलहून सॅम्पल मुंबईला जाणार असेल किंवा घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून बाईकवर जाणार असेल तर ट्यूब जेल पॅकला थेट टेकवू नका, मध्ये कापड किंवा टिश्यू घाला.

आणि लॅब कुठली? कोपऱ्यावरची माणसांची पॅथॉलॉजी स्वस्त पडते हे खरं, पण कुत्र्याच्या पेशींचा आकार वेगळा असतो, मशीनला कुत्र्याचं सेटिंग नसेल तर आकडे चुकतात. जनावरांची लॅब किंवा जिथे मशीनवर कुत्रा असा पर्याय आहे तिथेच द्या. सोय होत नसेल तर परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, ठाण्याहून ट्रेनने सॅम्पल नेणं काही अवघड नाही, फक्त कधी घेतात ते आधी विचारून घ्या.

टप्पा ४: सीबीसी कसा वाचायचा

लोक फक्त प्लेटलेट बघतात. कुत्र्याचे प्लेटलेट साधारण २ ते ५ लाख असतात. ४० हजार आले की घरात रडारड, पपईच्या पानांचा रस सुरू. रसाने एर्लिकिया मरत नाही, बबेसिया मरत नाही, आणि उलट्या करणाऱ्या कुत्र्याला तो पाजण्यात दिवस जातो तो जातोच.

पहिला प्रश्न हा की आकडा खरा आहे का. आमच्या कोलशेतच्या बाजूच्या एका इंडीचा, म्हणजे देशी कुत्र्याचा, रिपोर्ट २२ हजार आला होता, कुत्रं मात्र शेपूट हलवत पोळी खात होतं, ठिपके नाहीत, काही नाही. स्लाइड बघितली तर टोकाला प्लेटलेटचे झुपकेच्या झुपके, मशीनने त्यांना मोजलंच नव्हतं. रक्त परत काढलं तर दीड लाखाच्या वर. तेव्हा रिपोर्टवर प्लेटलेट क्लम्प्स लिहिलंय का बघा, आणि लॅबला स्लाइडवरून हाताने मोजायला सांगा. पण आकडा खरा असेल आणि ३० हजारांच्या खाली असेल तर आपोआप रक्त जाण्याचा धोका बराच वाढतो, मग कुत्र्याला उड्या नाहीत, खेळ नाही, कडक हाडं नाहीत.

मग बाकीचे आकडे एकत्र बघायचे. प्लेटलेट कमी आणि ताप, बाकी ठीक, तर एर्लिकिया किंवा अॅनाप्लाझ्माची सुरुवात असू शकते. अॅनाप्लाझ्मात तर प्लेटलेट एक-दोन आठवड्यांच्या चक्राने खाली-वर होतात, त्यामुळे "आपोआप वाढले, बरा झाला" असं वाटतं आणि दोन आठवड्यांनी परत खाली. प्लेटलेटबरोबर हिमोग्लोबिन आणि पीसीव्ही (रक्तात लाल पेशींचा वाटा किती टक्के ते) हेही पडलेत, नवीन लाल पेशी जोरात बनतायत, लघवी गडद आहे, तर बबेसियाकडे बघा. पीसीव्ही साधारण ३७ ते ५५ हवा. लाल, पांढऱ्या, प्लेटलेट तिन्ही खाली असतील तर जुना एर्लिकिया अस्थिमज्जेपर्यंत पोचल्याची भीती असते, जर्मन शेफर्डमध्ये हे जास्त वाईट जातं. आणि पांढऱ्या पेशी भरमसाट वाढल्यात तर हिपॅटोझून डोक्यात ठेवा.

बायोकेमिस्ट्रीत, म्हणजे लाल-पिवळ्या ट्यूबच्या रिपोर्टमध्ये, ग्लोब्युलिन हे प्रोटीन वाढलेलं आणि अल्ब्युमिन हे प्रोटीन कमी, हा जोडीने येणारा प्रकार जुन्या एर्लिकियात बराच दिसतो. लघवीतून प्रोटीन जातंय का हेही तपासून घ्या, किडनीला मार बसलाय का ते त्यातून कळतं.

*इशारा:* एकाच गोचिडातून दोन आजार एकत्र येऊ शकतात. एक सापडला म्हणून दुसरा शोधणं थांबवू नका.

टप्पा ५: स्लाइडवर काय दिसतं, काय दिसत नाही

बबेसिया लाल पेशीच्या आत दिसतो, मोठा असेल तर नासपतीच्या आकाराच्या जोड्या, छोटा असेल तर बारीक अंगठ्या. एर्लिकिया पांढऱ्या पेशींपैकी मोनोसाइटमध्ये जांभळ्या पुंजक्यासारखा, अॅनाप्लाझ्मा प्लेटलेटच्या आत, हिपॅटोझून न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींमध्ये लांबट कॅप्सूलसारखा.

सापडला तर उत्तर मिळालं. पण एर्लिकिया स्लाइडवर फार थोड्या कुत्र्यांमध्ये दिसतो, तोही सुरुवातीच्या दिवसांत. म्हणून "नो हिमोप्रोटोझोआ सीन" (रक्तातले परजीवी दिसले नाहीत) या ओळीचा अर्थ आजार नाही असा होत नाही, आज या स्लाइडवर दिसला नाही एवढाच होतो. उलटी चूकही होते, लाल पेशीवर बसलेला प्लेटलेट किंवा रंगाचा डाग बबेसिया म्हणून रिपोर्टमध्ये येतो. शंका असेल तर स्लाइड परत मागून घ्या आणि दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा, ती तुमचीच आहे.

टप्पा ६: किट की पीसीआर

किट म्हणजे दवाखान्यातच रक्ताच्या थेंबावर होणारी झटपट टेस्ट, ते दहा-पंधरा मिनिटांत उत्तर देतं म्हणून सगळ्यांना आवडतं. पण ते बहुतेक वेळा अँटिबॉडी बघतं, जंतू नाही. अँटिबॉडी तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागू शकतात, म्हणजे ताप नुकताच आला असेल तर किट निगेटिव्ह आणि आजार मात्र आहे. आणि एकदा झाला की बरा झाल्यावरही किट महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह येतं. गेल्या वर्षी एर्लिकिया झालेल्या कुत्र्याचं आज किट पॉझिटिव्ह आलं तर त्यावरून आत्ताचा ताप एर्लिकियाचाच आहे असं ठरत नाही. शिवाय किटवर कुठले आजार आहेत ते वाचा, नेहमीच्या चार-आजारांच्या किटमध्ये बबेसिया नसतोच, आणि लोक "टिक पॅनल निगेटिव्ह" म्हणून निर्धास्त होतात.

पीसीआर जंतूचा डीएनए शोधतो, कुठला बबेसिया तेही सांगतो. पैसे जास्त, एक-दोन दिवस थांबावं लागतं, आणि डॉक्सी सुरू झाल्यावरच्या रक्तात तो खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. माझं मत स्पष्ट आहे: पैसे मोजकेच असतील तर सीबीसी आणि चांगली स्लाइड आधी, मग औषधाआधीच्या ट्यूबवर पीसीआर, आणि किट सगळ्यात शेवटी. रिपोर्ट येईपर्यंत उपचार थांबवायचे नाहीत, रक्त बाजूला ठेवलंय ना, मग डॉक्टर सांगतील ते लगेच सुरू करा.

टप्पा ७: टिक फीवरसारखे दिसणारे दुसरे आजार

पावसाळ्यात आपल्याकडे लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. साचलेल्या पाण्यातून गेलेलं कुत्रं, ताप, उलट्या, डोळे पिवळे, प्लेटलेट कमी, सगळं टिक फीवरसारखंच. फरक हा की लेप्टो माणसांनाही होतो, त्यामुळे संशय असेल तोपर्यंत लघवी ग्लोव्हज घालून साफ करा, मुलांना लांब ठेवा, आणि लघवीचं सॅम्पलही औषधाआधी घ्या.

उंदराचं औषध खाल्लेलं कुत्रं नाका-तोंडातून रक्त टाकतं, पण त्यात बिघाड रक्त गोठण्यात असतो, प्लेटलेट बरेचदा त्या मानाने ठीक असतात. त्याची टेस्ट वेगळी, उपाय व्हिटॅमिन के. वॉचमनला आणि पेस्ट कंट्रोलवाल्याला विचारलंत तर पाच मिनिटांत कळतं. गोठे-तबेले जवळ असतील तर सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा आजारही ध्यानात ठेवा, तो चावऱ्या माशांमुळे होतो आणि परजीवी स्लाइडवर पेशींच्या मधे वळवळ्या दोऱ्यासारखा दिसतो.

टप्पा ८: औषध सुरू झाल्यावरची तपासणी

एर्लिकिया-अॅनाप्लाझ्मा असेल आणि औषध बरोबर असेल तर एक ते तीन दिवसांत ताप उतरतो, कुत्रं खायला लागतं. तिसऱ्या दिवशीही काही फरक नसेल तर डोस वाढवा म्हणून मागे लागू नका, निदान परत तपासा. बबेसिया राहिला का, लेप्टो आहे का, की शरीर स्वतःच्याच पेशी मारतंय.

कोर्स साधारण २८ दिवसांचा असतो. पाचव्या दिवशी कुत्रं उड्या मारायला लागतं आणि निम्मे लोक गोळी सोडतात, मग आजार दबून राहतो आणि महिन्यांनी अस्थिमज्जेचं दुखणं घेऊन येतो. डॉक्सी रिकाम्या पोटी देऊ नका, घशात अडकू देऊ नका, वर थोडं खाणं-पाणी द्या.

सीबीसी आठवड्याने एकदा, कोर्स संपताना एकदा. पीसीआर लगेच करून उपयोग नाही, औषध संपून दोन-चार आठवडे गेले की करा. किटने परत तपासू नका, ते पॉझिटिव्हच येणार आणि तुम्ही घाबरणार. छोटा बबेसिया झाला असेल तर ते कुत्रं पुढे कायम वाहक राहू शकतं, म्हणून त्याच्या फाइलवर ठळक लिहून ठेवा आणि त्याचं रक्त दुसऱ्या कुत्र्याला कधीही देऊ नका.

ज्या दिवशी घरच्या कुत्र्याच्या रिपोर्टमध्ये आजाराचं नाव येतं त्याच आठवड्यात घरातल्या बाकीच्या कुत्र्यांचा सीबीसी करा, बिल्डिंगखालच्यांना डॉक्टरांच्या सल्ल्याने वजनाप्रमाणे टिकचं औषध द्या, ज्याला फिट येतात त्याच्याबद्दल आधी विचारा. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन असलेला स्प्रे आणूच नका, मांजराला ते विष आहे. फवारणी करायचीच तर पार्किंगच्या भिंतींच्या भेगा, वॉचमनच्या केबिनचा मागचा भाग आणि लिफ्टच्या खड्ड्याची कड इथे करून घ्या, आणि दोन-तीन आठवड्यांनी परत एकदा, कारण पहिल्या फवारणीत अंडी राहून जातात.